कायदा होण्याआधी विचारायचे प्रश्न

 

आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना जरा कोरडा वाटेल. सरकार एखादा कायदा करायला निघतं, तेव्हा त्या कायद्याचे परिणाम काय होतील याचा अंदाज आधी कोणी घेतं का? घेतं तर कसा? पण मला विचाराल तर हा विषय अजिबात कोरडा नाही. या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून आपल्या देशात माणसांच्या जमिनी गेल्या आहेत आणि लाखो खटले वर्षानुवर्षं तुंबले आहेत. म्हणून आज आपण जवळपास २०० वर्षांतली थोडी उदाहरणं पाहू.

मला एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायची आहे. परिणामांचा विचार ही काही अलीकडे परदेशातून आलेली कल्पना नाही. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनी हा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. अडचण असते ती वेगळीच. विचार करताना कोणाची काळजी वाहिली जाते, हा खरा मुद्दा आहे.

१८२९ चं उदाहरण घ्या. गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंकला सतीची प्रथा बंद करायची होती. ४ डिसेंबर १८२९ रोजी त्याने तसा नियम काढला, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी त्याने काय केलं, हे मात्र शाळेत फारसं सांगत नाहीत. त्याने सैन्यातल्या अधिकाऱ्यांना गुप्तपणे विचारणा केली, की ही प्रथा बंद केली तर आपल्या हिंदी शिपायांमध्ये असंतोष पसरेल का? बहुतेकांनी तशी मोठी भीती नाही असं कळवलं आणि मग बेंटिंकने पाऊल उचललं.

आता बघा, कायदा होण्यापूर्वी केलेली ही परिणामांची चौकशीच होती. नियम चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण प्रश्न विचारला गेला तो फौजेच्या निष्ठेबद्दल. चितेवरून वाचलेल्या विधवेचं पुढे काय होणार, तिला घरात कोण ठेवणार, तिच्या पोटापाण्याचं काय, याची तशी चौकशी झाली नाही. राज्याला ज्याची भीती होती, तेवढंच राज्याने मोजलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या उदाहरणांतही आपल्याला हेच दिसणार आहे.

३ वर्षांची मुदत आणि सुप्याची होळी

आता १८५९ मध्ये येऊ. त्या वर्षी इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या भाषेत सांगायचं तर कर्जरोख्यावरून दावा लावायचा असेल, तर तो ३ वर्षांच्या आत लावायचा. त्यानंतर कोर्ट ऐकणार नाही. हेतू चांगला होता. सावकाराने २० वर्षांपूर्वीचं बाड काढून, व्याजावर व्याज चढवून, शेतकऱ्याच्या नातवाला कोर्टात खेचू नये.

कागदावर हे ऋणकोच्या भल्याचं दिसतं. गावात काय झालं? ३ वर्षं संपत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावी आणि सांगे, नवा रोखा करून दे, नाहीतर आजच दावा लावतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसे. मग जुनं मुद्दल आणि ३ वर्षांचं व्याज मिळून नवं मुद्दल होई. त्यावर पुन्हा व्याज सुरू. म्हणजे जो कायदा व्याज साचू नये म्हणून केला, त्याच कायद्याने दर ३ वर्षांनी व्याजाचं मुद्दलात रूपांतर करण्याची सवय लावली. रोख्यावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. कोर्ट मात्र लिहिलेलं प्रमाण मानत होतं.

याच काळात बाहेरही बरंच घडत होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस येणं थांबलं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. शेतकरी दोन्हीकडून कोंडीत सापडला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तसंच झालं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या लोकांना काय हवं होतं? माणसं मारण्यावर त्यांचा भर नव्हता. त्यांनी वह्या, रोखे, खतं मागितली आणि ती जाळली. आपल्याला कोणी नागवलं हे त्यांना नेमकं कळलं होतं. सावकाराबरोबर त्याच्या हातातला कागदही गुन्हेगार होता, आणि त्या कागदाला धार दिली होती कायद्याने.

१८५९ चा कायदा करताना सुप्याच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या कुळाला विचारलं असतं, की अशी मुदत घातली तर तुझा सावकार काय करेल, तर मला वाटतं त्याने उत्तर दिलं असतं. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती.

दख्खनच्या कायद्याचा धडा

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. गावोगावच्या कर्जाची, जमिनींची, कोर्टातल्या हुकूमनाम्यांची माहिती गोळा झाली. इथे पुण्याच्या सार्वजनिक सभेचं नाव घ्यायलाच हवं. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने दंग्यांच्या आधीच शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती जमवून अहवाल तयार केला होता. म्हणजे सरकारला सांगणारे लोक होते. सरकारचे कान उघडले ते आग लागल्यावर.

या सगळ्यातून १८७९ मध्ये एक कायदा झाला, डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट. आपण त्याला दख्खनचा शेतकरी कायदा म्हणू. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या ४ जिल्ह्यांपुरता तो मुख्यतः लागू केला. त्या काळाच्या मानाने तो फार धाडसी होता.

त्यात काय होतं? एक, कोर्टाने नुसता रोखा वाचून निकाल द्यायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून कसा कसा झाला, खरं मुद्दल किती, व्याज किती, हे उकरून काढायचं. दोन, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. तीन, जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर ती विकायची नाही. चार, शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा. पाच, मुदत वाढवली. नोंदलेल्या दस्तावर १२ वर्षं, इतर बाबतीत ६ वर्षं. म्हणजे १८५९ च्या ३ वर्षांच्या मुदतीने काय केलं, हे सरकारने एका अर्थी कबूल केलं.

मला या कायद्याचं सर्वांत मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. कायदा करून सरकार विसरून गेलं नाही. त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करायला विशेष न्यायाधीश नेमला. आपले महादेव गोविंद रानडे आधी या कामात सहायक म्हणून आणि मग १८८७ पासून स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून होते. १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाईपर्यंत ते या कामावर होते. गावोगाव फिरायचं, तिथल्या कोर्टांचं काम तपासायचं, अहवाल लिहायचे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या फिरतीची कल्पना असेल. शिवाय १८९१-९२ मध्ये हा कायदा कसा चालला हे पाहायला वेगळा आयोग नेमला गेला. आज आपण ज्याला कायद्यानंतरचं मूल्यमापन म्हणतो, ते आपल्याकडे १३० वर्षांपूर्वी झालेलं आहे.

मग हा कायदा यशस्वी झाला का? अर्धवट. कोर्टातला अन्याय कमी झाला, खोटे हिशोब उघडे पडू लागले. पण सावकारही गप्प बसला नव्हता. त्याने कायदा नीट वाचला. कोर्ट कर्जाचा आणि गहाणाचा इतिहास तपासतं ना? मग गहाण लिहूनच घ्यायचं नाही. सरळ खरेदीखत करून घ्यायचं. तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन. कागदावर ती विक्री. त्यात कर्जच नाही, तर कोर्ट तपासणार काय? ज्या शेतकऱ्याची जमीन पूर्वी गहाण पडली असती, त्याची जमीन आता विकली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्यात १०-अ हे कलम घालावं लागलं, की खरेदीखत दिसत असलं तरी मुळात ते गहाण होतं का, हे कोर्टाने तपासावं. मधल्या वर्षांत ज्यांची जमीन गेली, त्यातल्या किती जणांना ती परत मिळाली असेल, याचा विचार तुम्हीच करा.

दुसरी कटकट शेतकरी कोणाला म्हणायचं याची. सवलत शेतकऱ्याला आहे म्हटल्यावर प्रत्येक जण शेतकरी व्हायला निघाला. ती व्याख्या पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली आणि तिच्यावरच कोर्टात खटले चालले.

पंजाबातली यादी

हे फक्त दख्खनमध्ये झालं असं नाही. पंजाबातही शेतजमीन सावकारांकडे चालली होती आणि तिथे तर सरकारला जास्त धास्ती होती, कारण सैन्यातली भरती तिथल्या शेतकरी कुटुंबांतून होत असे. बेंटिंकच्या वेळची काळजी आठवते ना, तीच पुन्हा. १९०० मध्ये पंजाब लँड एलिनेशन अ‍ॅक्ट झाला. सरकारने शेतकरी जमातींची एक यादी केली. त्या यादीतल्या माणसाने यादीबाहेरच्याला जमीन कायमची विकायची नाही, असा मुख्य नियम.

शहरी सावकाराची वाट अडली खरी. पण त्या जागी यादीतलाच पैसेवाला जमीनदार सावकारी करू लागला. त्याला जमीन घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. माल्कम डार्लिंग या अधिकाऱ्याने पंजाबी शेतकऱ्यावर १९२५ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात या शेतकरी सावकाराचं वर्णन आहे. शिवाय दुसऱ्याच्या नावावर बेनामी व्यवहार सुरू झाले. ते मोडायला सर छोटूराम यांच्या काळात, १९३८ मध्ये, वेगळा कायदा करावा लागला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पंजाबातल्या बहुतांश दलित जाती त्या शेतकरी यादीत नव्हत्या. जे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबले, ते कायद्याच्या नजरेत शेतकरी नव्हते. पै-पै साठवली तरी शेतकरी जमातीच्या माणसाकडून जमीन विकत घेण्याची वाट त्यांना बंद. आद धर्म चळवळीच्या मागण्यांमध्ये हा कायदा रद्द करण्याची मागणी होती, ती याचमुळे. सरकारने चौकशी केली होती, आकडे जमवले होते, वर्षानुवर्षं टिपणं लिहिली होती. पण ते आकडे जमीन असलेल्यांचे होते. जमीन नसलेला माणूस त्या हिशोबात धरलाच नव्हता.

चेकचं कलम

आता स्वतंत्र भारतात येऊ. आपल्याकडे संसदेत विधेयक आणताना त्याच्यासोबत एक कागद जोडावा लागतो, वित्तीय ज्ञापन. लोकसभेच्या नियमावलीतला ६९ वा नियम तसं सांगतो. विधेयकामुळे सरकारी तिजोरीतून किती खर्च होईल, हे त्यात लिहायचं. नवीन प्राधिकरण काढलं तर त्याचे पगार, इमारत, गाड्या वगैरे. म्हणजे तिजोरीच्या दृष्टीने परिणाम मोजायची पद्धत आहे. पण नागरिकाच्या खिशाला काय पडेल, कोर्टात किती खटले वाढतील, हे त्यात विचारलेलं नसतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे चेक बाउन्सचं कलम. परक्राम्य दस्तऐवज कायदा मुळात १८८१ चा. त्यात १९८८ मध्ये दुरुस्ती करून कलम १३८ घातलं आणि १ एप्रिल १९८९ पासून ते लागू झालं. तोवर चेक वटला नाही तर ती मुख्यतः दिवाणी बाब होती. आता तो फौजदारी गुन्हा झाला. शिक्षा १ वर्षापर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढे २००२ मध्ये कैद २ वर्षांपर्यंत वाढली. हेतू पुन्हा चांगलाच. चेकवर लोकांचा विश्वास बसावा, व्यापार सुरळीत चालावा.

मग काय झालं? कर्ज देणाऱ्यांनी कायदा वाचला. कर्ज देतानाच पुढच्या तारखांचे सह्या केलेले चेक घ्यायची पद्धत पसरली. हप्ता चुकला की चेक बँकेत टाकायचा, तो परत आला की फौजदारी तक्रार. दिवाणी दाव्यापेक्षा हा धाक मोठा. १८५९ नंतरचा सावकार नव्या रोख्यावर अंगठा घेत होता, इथे चेकच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या जाऊ लागल्या. अर्थात यात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, हे विसरू नका. माल देऊन पैसे अडकलेला छोटा पुरवठादारही याच कलमाचा आधार घेतो, आणि खटला रेंगाळला की तोही भरडला जातो.

खटला लावायचा कुठे, यावरही गोंधळ झाला. १९९९ च्या एका निकालाने अनेक ठिकाणी तक्रार करण्याची मुभा मिळाली. चेक एका गावचा, नोटीस दुसऱ्या शहरातून, आणि आरोपीने तिथे हेलपाटे घालायचे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आवळलं, तर २०१५ मध्ये संसदेने कायदा बदलून पुन्हा वेगळा नियम केला.

आता आकडे ऐका. २००८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २१३ व्या अहवालात सांगितलं, की चेक बाउन्सचे ३८ लाखांहून अधिक खटले पडून आहेत. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले प्रलंबित होते, त्यातले ३५ लाख १६ हजार या एका कलमाखालचे. म्हणजे १०० फौजदारी खटल्यांमागे साधारण १५. गुजरातमधलं एक प्रकरण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. चेक १ लाख ७० हजार रुपयांचा, वाद २००५ पासूनचा. कायदा म्हणतो ६ महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न करा. खालच्या कोर्टातच ७ वर्षं गेली आणि एकूण १५ वर्षं तो वाद चालूच राहिला. तेव्हा न्यायालयाने आपणहून हा सगळा प्रश्न हातात घेतला आणि एप्रिल २०२१ मध्ये ५ न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे खटले लवकर निकाली काढण्यासाठी निर्देश दिले.

हे खटले चालतात ते मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात. त्याच कोर्टात मारहाणीचा खटला आहे, बायकोच्या पोटगीचा अर्ज आहे. चेकच्या ढिगाऱ्याखाली तेही दबतात. त्या बाईला कलम १३८ माहीतही नसेल, पण त्याची किंमत ती मोजते आहे. आणि खालच्या कोर्टांचा खर्च मुख्यतः राज्य सरकारं करतात. कायदा केला दिल्लीने, खटले वाढले राज्यांच्या कोर्टात.

न्यायालयाने मागितलेला हिशोब

परिणामांचा असा कागद कायद्यासोबत असावा, हा विचार अमेरिकेत टप्प्याटप्प्याने वाढला. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात तिथे तत्त्व आलं, की फायदा खर्चापेक्षा जास्त असेल तरच प्रकल्प घ्या. १९७० पासून पर्यावरणावरच्या परिणामांचं निवेदन सक्तीचं झालं. १९७२ मध्ये तिथले सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी सुचवलं, की प्रत्येक नव्या कायद्याचा न्यायालयांवर किती भार पडेल हेही आधी सांगा. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी मोठ्या सरकारी नियमांना खर्च-लाभाची कसोटी लावली. त्यावर तिथे टीकाही झाली, कारण कारखानदाराचा खर्च डॉलरमध्ये मांडणं सोपं आणि कामगाराच्या फुफ्फुसाची किंमत मांडणं अवघड. मोजायला सोपं असतं तेच मोठं दिसतं, हा धोका तिथेही आहे.

आपल्याकडे हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने उचलला. २००५ मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की नव्या कायद्यामुळे वाढणाऱ्या खटल्यांचा खर्चही वित्तीय ज्ञापनात धरला जावा. मग न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यदल नेमलं गेलं. त्याचा अहवाल जून २००८ मध्ये आला. न्यायिक परिणाम मूल्यांकन करा, ही त्याची मुख्य शिफारस. ती आपल्या संसदीय कामाची नेहमीची पद्धत झाली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये संविधान दिनाच्या कार्यक्रमात सरन्यायाधीश रमणा यांनी पुन्हा तेच सांगितलं, की कायदेमंडळं परिणामांचा अभ्यास करत नाहीत. उदाहरण त्यांनी दिलं कलम १३८ चंच. महिनाभराने विजयवाड्यात त्यांनी बिहारच्या २०१६ च्या दारूबंदी कायद्याचं नाव घेतलं. जामीन अर्जांनी तिथलं उच्च न्यायालय तुंबलं होतं आणि साध्या जामिनालाही वर्ष लागत होतं. आता दारूबंदीची मागणी गावागावातल्या बायकांची होती, ती काही खोटी नव्हती. पण पकडलेल्या मजुराला जामीन मिळेपर्यंत त्याच्या घरची चूल कशी पेटणार, हा प्रश्न आधी विचारला गेला असता तर? २०२२ मध्ये बिहारने कायदा बदलला आणि पहिल्यांदा दारू पिताना सापडलेल्याला दंड भरून सुटण्याची सोय केली.

आधी अनुभव, मग कायदा

कोणी म्हणेल, इतके प्रश्न विचारत बसलं तर एकही चांगला कायदा होणार नाही. हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी ही कल्पना १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७२ मध्ये, दुष्काळाच्या काळात, ती राज्यभर योजना म्हणून आली. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न टाळला नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि शहरातल्या पगारदाराच्या पैशातून गावातल्या मजुराला काम मिळू लागलं. कायदा झाला १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

म्हणजे कायदा होण्याआधी काम कसं मागितलं जातं, मजुरी कशी वाटली जाते, पैसा किती लागतो, हे सरकारला कळलं होतं. स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर येतात, हेही दिसलं होतं. भ्रष्टाचार झाला, रखडपट्टी झाली, ते खरं. पण पुढे २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा डोळ्यांसमोर हा अनुभव होता. नीट विचारलेल्या प्रश्नांनी चांगला कायदा अडत नाही, उलट तो टिकतो.

३० दिवस

मग आज स्थिती काय आहे? २०१४ मध्ये केंद्र सरकारने विधेयकपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरवलं. मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. सोबत सांगायचं, की कायदा का हवा, खर्च किती, आणि पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर, लोकांच्या जगण्यावर आणि उपजीविकेवर काय परिणाम होईल. वाचायला हे फार चांगलं आहे. अडचण इतकीच, की हे धोरण आहे, कायदा नाही. शक्य नाही असं मंत्रालयाला वाटलं तर कारण नोंदवून ते टाळता येतं.

कायद्यात लिहिलं तरी ते टिकतंच असं नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात संसदेने सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. जमीन घेण्याआधी त्या गावातल्या भूमिहीन मजुराचं, मेंढपाळाचं काय होईल हेही पाहायचं. पंजाबातली जी चूक आपण पाहिली, ती दुरुस्त करणारी ही तरतूद. पण नंतर गुजरात, तेलंगणा, महाराष्ट्र अशा राज्यांनी दुरुस्त्या करून बऱ्याच प्रकल्पांना या अभ्यासातून वगळण्याची वाट काढली. वेळ लागतो, हे कारण. वेळ लागतो हे खरंच आहे. पण न मोजल्याने परिणाम टळत नाही. तो होतोच, फक्त सरकारच्या कागदावर येत नाही.

म्हणून मला तुम्हाला एक काम सांगायचं आहे. तुमच्या धंद्याशी, शेतीशी, नोकरीशी संबंध असलेल्या एखाद्या विधेयकाचा मसुदा मंत्रालय लोकांसमोर ठेवेल, तेव्हा तो उघडा. भाषा जड असते, पण घाबरू नका. चार प्रश्न घेऊन वाचा. या कायद्याचा खर्च तिजोरीखेरीज आणखी कोणाच्या खिशातून जाणार आहे? याने कोर्टात किती वाद वाढतील आणि ते कोणत्या कोर्टात? हुशार माणूस हा कायदा वाचून कोणती पळवाट काढेल? आणि या हिशोबात कोण धरलेलंच नाही? उत्तर सापडलं नाही, तर तेवढंच लिहून पाठवा. सार्वजनिक सभेच्या मंडळींकडे ना ईमेल होता ना संकेतस्थळ. त्यांनी गावोगावची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे ठेवली. सरकारने ती वेळेवर ऐकली नाही, हा सरकारचा दोष. त्यांनी सांगितलंच नाही, असं मात्र आज कोणी म्हणू शकत नाही.

तुमच्या राज्यात असा एखादा कायदा असेल, जो चांगल्या हेतूने आला आणि भलतंच करून बसला, तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.